कोकरांच्या वेळेचा मिस कॉल

आमच्या वस्तीवर रेंज आली, ती आधी चिंचेला आली. माणसांना मागनं.

कवठे येमाईच्या अलीकडं ओढा ओलांडला की आमची वस्ती. थोडीच घरं, आणि चहूबाजूंनी चढ, जशी परातीत ठेवलीत. तिकडं शिरूरला मोबाईलचे टॉवर उभे राहिले, रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं कमरेला फोन अडकवून मोटरसायकली उडवायला लागली, यवतला माझी लेक रुपाली दिलीय, तिच्या घरी तर दोन-दोन फोन आले. पण आमच्या परातीत म्हणून काही उतरत नव्हतं. वस्तीत पहिला फोन घेतला तात्याबानं. फोन हातात धरून तो दिवसभर बांधाबांधानं हिंडायचा. बायका म्हणायच्या, "पाणी हुडकतोय का काय ह्यो!"

तर हा तात्याबा एकदा माझ्या बांधावरच्या चिंचेवर चिंचा झोडायला चढला. वर गेला, आणि खिशातला फोन वाजला. गडी एवढा दचकला की चिंचांसकट खाली आला. पण पडता पडता काय ओरडला माहितीय? "आबा, वर रेंज हाय!" लागलं का रे बाबा, हाड मोडलं का, कुणी म्हणून विचारलं नाही. जो तो फोन आणायला घराकडं पळाला, आणि ज्यांच्याकडं फोन नव्हता ते झाड बघायला आले.

त्या दिवसापासून ती चिंच साऱ्या वस्तीची झाली. सकाळी जनावरं सोडली की फोन पिशवीत घालायचे आणि खालच्या फांद्यांना टांगायचे. कुणाची खताची पिशवी, कुणाची साडीच्या दुकानातली. एकात भजन वाजायचं, एकात कोंबडा आरवायचा, तात्याबाच्या फोनात तान्हं पोर खिदळायचं. रानात खुरपत असलं तरी ज्याला त्याला आपला आवाज कळायचा, आणि खुरपं टाकून माणूस चिंचेकडं पळायचा. आमच्या शेजारची अनसाबाई म्हणायची, "आवंदा चिंचा कमी आन् फोनच जास्त लागल्यात झाडाला."

त्या सगळ्या पिशव्यांत एक पिशवी निराळी होती. जाड, काळी, घोंगडीच्या तुकड्याची, लोकरीच्या दोऱ्यानं शिवलेली. ती चांगुणाची. मला सांगायचं आहे ते हिचंच; चिंचेचं नुसतं वाटेत लागलं म्हणून सांगितलं.

"चांगुणे, फोनला थंडी वाजती व्हय गं?" अनसाबाईनं तिला छेडलं होतं.

"आक्का, आमच्या घरात जे येतं ते घोंगडीतच ऱ्हातं," चांगुणा म्हणाली. "ह्योच एकला उघडा कशाला?"

चांगुणा धनगराची. जन्म तिचा घाटाच्या पायथ्याला, चालत्या वाड्यात. वाडा म्हणजे घर नव्हे बरं का. दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन घाट उतरायची, घोड्यांवर संसार लादायचा, चार बिऱ्हाडं मिळून चालायची, त्याला म्हणायचं वाडा. चांगुणाचं बाळपण घोड्यावर गेलं, पुढं पातेली, मागं कोंबड्या, मधी ही. म्हाळूशी लग्न झालं तेव्हाही अंगाची हळद निघायच्या आत ती चालायला लागली. बापानं तिला एक मेंढी आंदण दिली होती, तिचं नाव मोरी. त्या मोरीची लेक मोरी, तिचीही लेक मोरीच. नाव बदलायची गरज तिला कधी वाटली नाही.

वाड्यात प्रत्येकाला काम वाटून दिलेलं असतं. चांगुणाचं काम संध्याकाळचं. मेंढरं दिवसभर चरायला लांब जातात, आणि कोकरं मागं राहतात, वाघरीत. वाघर म्हणजे सुतळीच्या जाळीचं कुंपण. दिवस मावळायला मेंढरं माघारी येतात. आधी लांबून एक मेंढी हाक मारते, इकडं वाघरीतून एक कोकरू उत्तर देतं, आणि मग जो कल्लोळ उठतो, तो मी दोन-चारदा ऐकलाय. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हातानं बोलावं लागतं. तेवढ्यात चांगुणा जाळी उचलायची. कोकरं अशी सुटायची की जमीनच पळतेय असं वाटावं. आई लेकराला हुडकतेय, लेकरू आईला, चुकीच्या मेंढीनं ढुशी मारली की कोकरू भेलकांडतंय, पुन्हा पळतंय. आणि मग हळूहळू एकेक आवाज बंद होत जातो. तोंड सडाला लागलं की आवाज बंद. शेवटी एखादंच राहतं, ज्याला आई गावत नाही. त्याला चांगुणा बगलेत घ्यायची आणि नेमकी त्याच्या आईपाशी नेऊन सोडायची. सगळं रान शांत झालं की मग ती चुलीकडं वळायची.

पण कालव्याला पाणी आलं आणि हे सगळं फिरलं. यांची पडीक जमीन भिजली. कांदा आला, ऊस आला, पोरगा माऊली शाळेत जायला लागला, सासूचे डोळे गेले. घरी कुणीतरी राहायला हवं होतं. चांगुणा राहिली. म्हाळू आणि त्याचा धाकटा भाऊ हौसराव वाडा घेऊन जायचे, आणि ही बाई कांद्याच्या सरीत उभी राहून घाटाच्या अंगाला बघायची. खुशाली कळायची ती कुणा ट्रकवाल्याकडून. त्यानं सांगावा आणेपर्यंत वाडा दोन गावं पुढं गेलेला असायचा.

म्हणून म्हाळूनं रांजणगावच्या एका कामगाराकडून जुने दोन फोन घेतले. एक वाड्यावर, एक चिंचेवर. आणि दोघांनी नियम ठरवला. कसा ठरवला? घरातल्या बिरोबापुढं बसून, भंडारा उचलून, म्हणजे शपथेवर. संध्याकाळी एकदा वाजला आणि थांबला, म्हणजे माणसं बरी, मेंढरं बरी. हिनंही तसाच एकदा वाजवायचा, म्हणजे घर बरं. उचलायचा नाही. उचलला की पैसे तुटतात आणि तिकडं डोंगरात रिचार्ज मारायला दुकान नाही. ते बॅलन्स अडीनडीला राखून ठेवायचं. थांबून लगेच दुसऱ्यांदा वाजला, तर मात्र अडचण. वाघानं मेंढरू नेलं, माणूस आजारी पडलं, असलं काही. तेव्हाच उचलायचा.

त्या काळी सगळा मुलुखच मिस कॉलवर चालायचा म्हणा. आमच्या रुपालीचा एक आला की ती यवतहून एसटीत बसली. पण भंडारा उचलून ठरवलेला मिस कॉल मी दुसरा पाहिला नाही.

ज्या वर्षाचं मी सांगतोय, त्या वर्षी दिवाळीत म्हाळू माझ्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "आबा, आवंदाची फेरी शेवटची. चरायला रान ऱ्हायलं न्हाई. जिथं बघावं तिथं कंपाउंड. शिमगा झाला की कळप यवतच्या बाजारात काढायचा."

"घरी आणून मग ने की," मी म्हटलं.

"परस्पर नेणार. घरी आणला तर ती इकू द्यायची न्हाई. आन् खरं सांगू का? मलाबी इकवायचा न्हाई मग."

चांगुणानं ऐकलं तेव्हा एकच मागितलं. "मग मला एक डाव घिऊन चला. एक सांज कोकरं सोडते आन् येते माघारी."

"आन् आयला कोण बघंल? कांदा कोण काढंल?" म्हाळू म्हणाला.

वाडा निघाला तेव्हा ती कालव्याच्या पुलापर्यंत गेली, मोरीच्या पाठीवर हात ठेवून. म्हाळूशी बोलली नाही. पुलावरून परत आली आणि थेट सरीत बसून खुरपायला लागली.

मग पौषात की माघात, एक गंमत सुरू झाली. रोज एकदा वाजून थांबणारा फोन एका संध्याकाळी थांबेचना. वाजतोय, वाजतोय. घोंगडीच्या पिशवीत त्याचा आवाज असा घुमायचा, जसं कुणी पांघरुणातून बोलतंय. चांगुणा पळत आली, झाडाखाली हात जोडून उभी राहिली. पुरता वाजून तो आपला आपणच थांबला. ती दुसऱ्या रिंगची वाट बघत राहिली. दुसरी काही आली नाही. तिचा चेहरा उजळला.

"आक्का, आज पोट भरून वाजला!" ती अनसाबाईला म्हणाली. "मेंढरं लई खुशीत हायती वाटतं. कोकरं झाली आसतील भरपूर."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सगळ्या वस्तीला ठाऊक झालं. दिवस मावळला की चांगुणाचा फोन लांब वाजणार. तात्याबा म्हणायचा, "म्हाळूला तिकडं कामधंदा न्हाई का रं? लगीन झाल्यावर सुदिक येवढी आठवण काढली न्हवती त्यानं." बायका हसायच्या. चांगुणाही हसायची, आणि आपली एक छोटी रिंग देऊन चुलीकडं जायची. पण जाताना मागं वळून त्या पिशवीकडं बघायची. एकदा मला म्हणाली, "आबा, ह्याच येळंला वाघर उचलायची अस्ती बघा. हितं कांद्याच्या वाफ्यात माझं हात आपसूक वर हुत्यात."

शिमग्याच्या आधी हौसराव एसटीनं आला, म्हातारीला भेटायला आणि मेंढरांची औषधं न्यायला. चिंचेखाली बसून चहा पीत होता. पिताना चांगुणाकडं बघे आणि मान खाली घाली. शेवटी बोलला.

"वयनी, येवढा राग धरू नगा दादावर."

"राग? कुणी धरलाय?"

"मग फोन का उचलत न्हाई?"

"उचलायचा कशाला? भंडारा उचललाय आमी. दुसऱ्यांदा वाजला तर उचलायचा."

हौसरावनं कपबशी खाली ठेवली. "आवं वयनी, दादा रोज कोकरं सोडायच्या वक्ताला फोन लावतो आन् वाघरीकडं हात लांब करून हुबा ऱ्हातो. वाड्याची आख्खी माणसं हसत्यात त्याला. म्हंतो, तिला येता आलं न्हाई तर हितनं आयकू दे. शेवटचीच हायती. तुम्ही उचलत न्हाई तवा म्हंतो, रुसली. पुन्यांदा सांजंला लावतोच."

चांगुणानं वर बघितलं. पिशवी वाऱ्यावर हलत होती.

"म्हंजी येवढं दीस," ती म्हणाली, "कोकरं वाजत हुती व्हय ह्या झाडाला?"

हौसरावनं मान हलवली.

"मग दोन डाव वाजवायचा की वो त्यांनी!" ती एकदम उसळली. "मी पळत येऊन उचलला आसता!"

"मी बोललो तसं. दादा म्हनला, अडचण न्हाई तर अडचणीचा कसा वाजवू? तिचं काळीज फाटंल."

त्या संध्याकाळी ती झाडाखालून हलली नाही. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाडा तिथून हलला होता, घाटाच्या वाटेला लागला होता, आणि त्या दऱ्यांत रेंज कुठली. हौसराव परत वाटेवर जाऊन त्यांना मिळाला. इकडं चांगुणा रोज दिवस मावळायच्या आत कांदा टाकून यायची आणि बुंध्याशी बसायची. वस्तीतल्या बायकांनी हसायचं सोडून दिलं. शिमगा झाला. सगळ्यांना ठाऊक होतं, शुक्रवारचा बाजार जवळ येतोय.

त्या गुरुवारी मी यवतला होतो, रुपालीकडं. मीच म्हाळूला सांगून ठेवलं होतं की ट्रक तिच्या घरामागच्या मोकळ्या रानात उतरव, पाणी आहे, सकाळी बाजार जवळ पडंल. दुपारून ट्रक आले. मेंढरं एकात, कोकरं दुसऱ्यात. हायवेला लागून ते रान. पलीकडं ढाबे, गाड्यांचे हॉर्न, पुण्याच्या बस. तिथं हौसरावनं वाघर ठोकली, तिच्यात कोकरं घातली, मेंढरं जरा लांब पाण्यावर नेली. दिवस कलला. मेंढरं परत फिरली आणि लांबून एकीनं हाक मारली.

म्हाळू वाघरीपाशी उभा होता. हौसराव म्हणाला, "दादा, वयनीला समजलंय समदं. लाव फोन. हितं रेंज फुल हाय."

म्हाळूनं लावला आणि हात लांब केला. थोडं वाजलं आणि पट्कन तुटलं.

त्याचा हात तसाच राहिला. "कापला," तो म्हणाला. "समजूनबी कापला तिनं."

तिकडं काय झालं ते मला अनसाबाईनं मागनं सांगितलं. चांगुणानं पिशवीतनं फोन काढला, पण तिनं जन्मात कधी फोन उचलला होता का? वाजवायचा कसा एवढंच म्हाळूनं शिकवलेलं. हिरवं बटण की लाल, ती बघत राहिली, आणि घाईत लाल दाबलं गेलं. अनसाबाई म्हणाली, ती फोनकडं अशी बघत होती जसा हातातून कुणी घास पाडला.

इकडं हौसरावनं भावाचा दंड धरला. "लाव पुन्यांदा."

"दोन डाव हुईल मग."

"हू दे की! उद्याच्याला कळप न्हाई आपला. ही अडचण न्हाई तर काय हाय रं?"

म्हाळूनं त्याच्याकडं बघितलं. मग लावला. दुसऱ्यांदा.

वाजला. आणि उचलला. पलीकडून काही आवाज नाही, नुसता श्वास. म्हाळू एक अक्षर बोलला नाही. त्यानं हौसरावला मानेनं खूण केली, हौसरावनं जाळी उचलली, आणि कोकरं सुटली.

काय सांगू तुम्हाला! हायवेवरचे ट्रक त्या आवाजात बुडाले. ढाब्यावरची माणसं उठून बघायला आली. रुपाली दारात उभी राहून कानावर हात ठेवून हसत होती. म्हाळू हात लांब करून कळपातनं चालत होता, फोन खाली वाकवून, जसा कुणी देवापुढं निरांजन फिरवतो. मी त्याच्या मागं. हळूहळू आवाज बसत गेला. एकेक तोंड दुधाला लागलं. आणि मग त्या फोनातून चांगुणाची हाक आली. स्पीकर नव्हता त्याला. पण बाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आवं! एक कोकरू ऱ्हायलंय! बारीक वरडतंय, त्याला आय गावली न्हाई! बघा जरा!"

आम्ही कान दिला. खरंच, कुठूनतरी बारीक आवाज येत होता. हौसराव ट्रकखाली शिरला, चाकाच्या आड अडकलेलं कोकरू काढलं. त्याची आई कोणती, कुणालाच समजेना. तेवढ्यात फोनातून पुन्हा हाक. "मोरे! ये मोरे! हाय का गं?"

कळपाच्या कडेला एका मेंढीनं मान वर केली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि अशी ओरडली, की ते हौसरावच्या बगलेतलं कोकरू पाय झाडायला लागलं. तिचंच होतं. ते तिला लागलं, आणि रान शांत झालं. पलीकडं चांगुणाही शांत. म्हाळूनं फोन कानाला लावला, तेवढ्यात बॅलन्स संपलं.

तो तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "गड्या, एक शब्द तरी बोलायचा होतास तिच्याशी."

"बोललो आसतो तर तेवढी कोकरं कमी आयकली आसती तिनं, आबा."

सकाळी कळप गेला. मोरी आणि तिचं कोकरू तेवढं म्हाळूनं टेंपोत घालून घरी आणलं. चांगुणानं त्यांना दारात बांधलं, भंडारा लावला. चार दिवस ती खुशीत होती. मग एका संध्याकाळी अनसाबाईपाशी येऊन बसली. "आक्का, एका मेंढीचं एक कोकरू. त्यांनी कुणाला हुडकायचं? वरडतच न्हाईत."

आता या गोष्टीला किती वर्षं झाली बघा. परातीत रेंज उतरली, घराघरात उतरली, गोठ्यातसुद्धा. चिंचेला आता फक्त चिंचा लागतात. माऊलीनं आईला मोठा फोन दिलाय, त्यात माणूस दिसतं. म्हाळूनं कळप गेल्यावर रांजणगावच्या एका कंपनीत गेटवर नोकरी धरली; वॉचमन. खाकी कपडे, हातात काठी तीच जुनी. त्याच्या हाताखालून आता माणसं जातात, शिफ्ट सुटली की एकदम शेकड्यानं.

आणि रोज दिवस मावळायला चांगुणा तो फोन घेऊन चिंचेखाली येते. जुन्या घोंगडीच्या पिशवीत बसत नाही म्हणून तिनं मोठी पिशवी शिवली. फांदीला टांगते आणि बुंध्याशी बसते. फोन वाजतो. म्हाळूचा. पुरता वाजतो. ती उचलत नाही.

परवा मी न राहवून विचारलं. "चांगुणा, आता कुठं पैसे तुटतात? उचलून बोल की त्याच्याशी. तोंडसुद्धा दिसंल."

ती पिशवीकडंच बघत होती. फोन वाजत होता.

"उचलला तर काय आयकू यील, आबा? कंपनीचा भोंगा आन् गाड्या. त्यास्नीबी म्हाईत हाय त्ये. म्हणून तर कोकरं सोडायच्या ह्याच येळंला नुस्ता वाजवत्यात." तिनं मला हातानं गप्प बसायची खूण केली. "वाजू द्या. वाजतोय तवर कोकरं हायती."